कर्वेनगरातलं शेंडेनक्षत्र

कर्वेनगरात हल्ली रात्र होत नाही, फक्त दिवस संपतो. सूर्य मावळला की वारज्याच्या बाजूचं आकाश थोडा वेळ निळं राहतं, आणि मग त्याला हळूहळू मळकट नारिंगी रंग चढतो. हायवे, पूल, मंगल कार्यालयांची रोषणाई, जुन्या सोसायट्या पाडून त्यांच्या जागी उभे राहणारे टॉवर, त्या टॉवरांच्या क्रेनवरचे दिवे, सगळ्यांचा उजेड मिळून वर जातो आणि तिथेच बसून राहतो. या आकाशात जे थोडे तारे तग धरून आहेत त्यांना मी नातेवाइकांसारखी ओळखते. निवड करण्याइतके ते उरलेलेच नाहीत.

अशा आकाशाचे फोटो काढायचा नाद मला पन्नाशीत लागला. मैत्रिणी म्हणतात, एवढी हौस आहे तर वेल्ह्याकडे जा की, तिकडे किती अंधार असतो. जाते कधीमधी. पण तिथे आकाश दिसणारच, त्यात माझं काय कौतुक? मला आमच्या गच्चीवरून जे दिसतं ते हवं असतं. हट्टीपणा म्हणा, चालेल.

त्या ऑक्टोबरात धूमकेतू येणार अशी बातमी आली. सकाळी चहाच्या वेळी पेपरात त्याचा मोठा फोटो होता, आणि त्याच पानावर खाली शब्दकोडं. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, आणि सकाळचं शब्दकोडं तिचं असतं. मी पेपर वाचायला तिच्या शेजारी बसले तर तिने चहाचा कप नेमका त्या फोटोवर ठेवलेला.

"आई, कप उचल ना. मला वाचायचंय."

"शेंडेनक्षत्राचं काय वाचायचं?" असं म्हणून तिने पानच उलटं केलं. कोडं अर्धं सोडून.

"मी त्याचा फोटो काढणार आहे."

"काढ. घरात आणू नकोस."

मला हसूच आलं. माझी आई म्हणजे आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. आम्ही कोथरूड सोडून इकडे आलो तेव्हा हिने अमावस्येचा दिवस निवडला होता, कारण त्या दिवशी टेम्पो लगेच मिळत होता. मांजर आडवं गेलं तर ही त्याला बाजूला सरक म्हणते. तिने शेंडेनक्षत्राला घाबरावं? मी जरा टिंगलीच्या सुरात म्हणाले, "तुला काय करणार आहे ते?"

"मला काय करायचं ते करून झालंय त्याचं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. फार सरळ सांगितलं, वर्गात एखादं उदाहरण सोडवून दाखवावं तसं. मला वाटतं तिने ते मनात इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यातलं रडू संपून गेलं होतं.

तिचा जन्म भोरजवळच्या एका गावातला, पहाटेचा. त्या दिवसांत पहाटे आकाशात शेंडेनक्षत्र दिसत होतं आणि सगळा गाव ते बघायला अंगणात येऊन उभा राहायचा. आई जन्मली तेव्हा सुईणसुद्धा बाहेर जाऊन तेच बघत होती, आतून हाक आली तेव्हा धावत आली. पुढे आई रांगायला लागली त्या सुमाराला तिचे वडील विषमज्वराने गेले. तरणाताठा शाळामास्तर गेला, तर गावाला आणि घराला काहीतरी कारण हवंच होतं. ते आयतंच मिळालं.

"चुलती म्हणायची, ही आली ती शेपूट घिऊनच आली," आई म्हणाली. "पांढऱ्या पायाची तर होतेच. एकदा माझा चुलतभाऊ मॅट्रिकच्या परीक्षेला निघाला होता. मी दारात उभी होते बघायला. चुलती म्हणाली, तू आत जा गं. मी आत गेले. नंतर कुणाला सांगावं लागलं नाही. कुणी निघायचं असलं की मीच आत जायचे."

एवढं सांगून तिने पान पुन्हा सुलटं केलं आणि कोड्यातला एक शब्द भरला.

मी मात्र तिथेच अडकले. कारण माझ्या डोळ्यांसमोर आमचं जुनं दार आलं आणि दारात दह्याची वाटी घेऊन उभे असलेले बाबा. दहावीची परीक्षा, बारावीची, पहिली मुलाखत, लग्नानंतर सासरी निघाले तो दिवस, प्रत्येक वेळी माझ्या हातावर दही बाबांनी ठेवलं होतं. इतकं ठेवायचे की ते कोपरापर्यंत ओघळायचं. मैत्रिणींच्या घरी हे काम आयांचं असायचं. आमच्याकडे आई नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात असायची. कधी दूध उतू जात असायचं, कधी कुकरची शिट्टी व्हायची असायची. मला वाटायचं, हिला निरोपाचे प्रसंग आवडत नाहीत. मास्तरीणबाई आहे, भावना दाखवत नाही. एखाद्या माणसाबद्दल आपण एक समजूत करून घेतो आणि मग तीस-चाळीस वर्षं ती पुरवून वापरतो.

"बाबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"लग्न झाल्यावर सांगितलं होतं. म्हणाले, दही मी देत जाईन. तेवढंच."

बाबा भला माणूस होता. पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. दही देण्याऐवजी तू बाहेर ये, असं त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं. त्यांनी तिची अडचण सांभाळून घेतली, आणि ती अडचण घरात चांगली मुरली. आणि आता बाबाही नव्हते. त्यांच्यामागे वाटी माझ्याकडे आली होती, तीसुद्धा कुणी काही न बोलता.

तर त्या सकाळी मी ठरवलं की आईला धूमकेतू दाखवायचा. कसा आणि दाखवून काय होणार, हे माहीत नव्हतं. पण ज्याने तिला आयुष्यभर आत पाठवलं तो प्राणी आहे तरी कसा, हे तिने एकदा डोळ्याने बघायला हवं, असं मला फार वाटलं. तिचे दोन्ही मोतीबिंदू काढलेले आहेत, तरी कर्वेनगरच्या आकाशात नुसत्या डोळ्याने तिला काही दिसणं शक्य नव्हतं. मला तरी कुठे दिसत होतं? म्हणजे फोटोच हवा.

माझी लेक म्हणाली, "अगं, नेटवर एक से एक फोटो आहेत. लडाखचा वगैरे. त्यातला दाखव आजीला."

ते फोटो मीही पाहिले होते. अर्ध्या आकाशभर पिसारा पसरलेला, खाली बर्फाचे डोंगर. ते बघून आई पुन्हा आत गेली असती आणि दार लावून बसली असती.

पहिल्या संध्याकाळी मी गच्चीवर गेले. धूमकेतू पश्चिमेला, सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ वर असणार होता. क्षितिजाशी धुरकट पट्टा होता. त्याच्या वर नव्या टॉवरची क्रेन, आणि तिच्या शेजारी एका दागिन्यांच्या दुकानाचं, बाईच्या भिंतीएवढ्या चेहऱ्याचं होर्डिंग. आमच्याच गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ दोन हॅलोजन आहेत, ते थेट लेन्समध्ये शिरत होते. मी शंभर ठिकाणी ट्रायपॉड हलवला. फोटोत आलं ते नारिंगी वरण. त्यात धूमकेतू असलाच तर मोहरीच्या दाण्याएवढा असावा.

दुसऱ्या संध्याकाळी ढग होते. आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळी भलतंच झालं.

आई रोज तिन्हीसांजेला पहिल्या मजल्यावरच्या काकूंबरोबर सोसायटीत चार फेऱ्या मारते. त्या दिवशी ती फेऱ्या न संपवताच वर आली आणि सोफ्यावर बसली. चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं.

"दिसलं मला," ती म्हणाली.

"काय?"

"ते. काकूंनी दाखवलं. केवढं होतं गं! लालभडक. ही एवढी शेपूट, त्या क्रेनपासून थेट इकडपर्यंत." तिचा हात हवेत गेला आणि तसाच थांबला. "मला वाटायचं, लोक वाढवून सांगत असतील. पण होतंच ते तेवढं."

तोवर काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाही होता. मी पाहिला. लोहगावहून उडालेल्या कुठल्यातरी विमानाच्या मागे धुराची रेघ राहिली होती आणि मावळत्या सूर्याने ती रंगवली होती. खाली सगळ्यांनी जोडलेल्या हातांच्या इमोजी टाकलेल्या आणि एकाने तर फटाक्यांच्याही. मी आईला सांगितलं की ते विमान होतं. ग्रुपवरही लिहिलं. ग्रुपवर सेक्रेटरींनी उत्तर दिलं, "ताई, आम्हाला जे दिसलं ते आम्हाला दिसलं. आपल्याला आपलं दिसलं की कळवा."

आई एवढंच म्हणाली, "विमान मला ओळखता येतं."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. इतकी वर्षं तिच्या डोक्यावर ऐकीव शेंडेनक्षत्र होतं, आता डोळ्यांनी पाहिलेलं बसलं. त्या रात्री ती जेवताना माझ्या मुलीकडे बघून म्हणाली, "तुझी गाडीच्या लायसन्सची परीक्षा कधी आहे? त्या दिवशी मी सकाळीच काकूंकडे जाऊन बसेन." म्हणजे आता आतल्या खोलीनेही भागत नव्हतं. घराबाहेरच जायची तयारी चालली होती.

आता मला तो फोटो हवाच होता.

दुसऱ्या दिवशी कोजागरी होती. कोजागरीला आमच्या सोसायटीत गच्चीवर दूध असतं, आणि चंद्र दुधात नीट उतरावा म्हणून वर्षातून तेवढा एकच दिवस गच्चीवरचे हॅलोजन बंद करतात. पौर्णिमेच्या चंद्रात धूमकेतूचा फोटो काढायला जाणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, कुणीही शहाणा माणूस त्या रात्री कॅमेरा बाहेर काढत नाही. पण मी हिशेब केला की चंद्र आकाशात तसाही उजेड करणार, हॅलोजन तरी जातील. फक्त दुधाचा कार्यक्रम उशिरा असतो आणि धूमकेतू जेवणाआधीच मावळतो. दिवे लवकर बंद व्हायला हवे होते.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते कढईखाली शेगडी नीट बसते का ते बघत होते.

"काका, दिवे जरा लवकर बंद कराल का? सूर्य मावळला की लगेच."

"ताई, आपण चंद्रासाठी दिवे बंद करतो. शेपटीसाठी बंद करायचे तर आधी मीटिंग लावावी लागेल."

"माझ्या आईला दाखवायचंय."

"त्यांना तर काल दिसलं म्हणे."

"ते विमान होतं."

"असं आपलं म्हणणं आहे." ते पुन्हा शेगडीकडे वळले. मग मान न वळवता म्हणाले, "केशर कोण घोटणार आहे यंदा? दरवर्षी कुणीतरी ऐनवेळी पळ काढतं."

मी घोटेन म्हणाले. सूर्य मावळताच दिवे बंद झाले.

हॅलोजन गेल्यावर गच्ची एकदम आमची राहिली नाही, आकाशाची झाली, असं मला वाटलं. पण ते क्षणभरच. समोर अख्खं कर्वेनगर पेटलेलं होतंच. पाठीमागे पूर्वेला मोठा पिवळा चंद्र वर येत होता. मी शुक्रावर फोकस केला, मग शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या, किंचित वरच्या जागेवर कॅमेरा रोखला. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीही नव्हतं. थोड्या थोड्या सेकंदांचे फोटो घेत राहिले, एकामागून एक. एका हाताने कॅमेऱ्याचं बटण, दुसऱ्या हाताने खलात केशर. कॅमेऱ्यावर केशराचे डाग अजून आहेत.

असे फोटो नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे असतात. प्रत्येकात धूमकेतू थोडासाच असतो, पण सगळ्यांत असतो. कचरा, म्हणजे उगाच उमटलेले ठिपके, प्रत्येकात वेगळा असतो, त्यामुळे रचता रचता कचरा विरतो आणि खरं असेल तेवढं घट्ट होत जातं. मग वरचा नारिंगी रंग काढायचा. पहिल्या खेपेला मी तो इतका घासून काढला की शेपटीही गेली, काळ्या पाटीवर नुसता एक ठिपका उरला. क्षणभर मोह झाला, हाच दाखवावा. ठिपक्याला कोण घाबरतं? पण आईने जन्मभर गणित शिकवलंय. उत्तर सोयीचं आलं म्हणून बरोबर धरायचं नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. मी पुन्हा पहिल्यापासून बसले आणि जेवढं होतं तेवढं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप आईपुढे ठेवला. ती बघायला तयार नव्हती. मी म्हणाले, "तुझ्या विद्यार्थिनीने गृहपाठ केलाय, तपासून तरी दे." तेव्हा तिने चष्मा लावला.

खाली टॉवर, क्रेन, होर्डिंगवरच्या बाईचं अर्धं कपाळ. वर तपकिरी आकाश. आणि त्या आकाशात, दाखवल्याशिवाय कळणार नाही असा, कापसाच्या वातीसारखा एक पुसट धागा. टोकाला जरासा उजळ.

"कुठाय?"

मी बोट ठेवलं. ती पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हे?"

"हे."

"एवढंसं?"

"एवढंसं." आणि मग खरं ते सांगणं भाग होतं म्हणून मी म्हणाले, "पण तुझ्या जन्माच्या वेळी मोठं दिसलं असेल आई. तेव्हा दिवे नव्हते ना. अंधार पुष्कळ होता."

"म्हणजे ते एवढंच असणार," ती म्हणाली, "अंधार जास्त होता म्हणून मोठं झालं."

तिने त्या धाग्यावर स्वतःचं बोट ठेवलं.

"हे तेच का गं?"

"नाही, हे वेगळं. ते गेलं निघून. तेव्हाच."

"परत नाही आलं?"

"नाही."

आईने चष्मा काढून पदराला पुसला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता. "ते गेलं निघून, आणि मी आपली आत जातेय." मग पुन्हा स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बिचारं. केवढ्या लांबून आलं आणि ह्या बाईच्या होर्डिंगशेजारी उभं राहिलं."

मी कधी आईच्या समोर रडत नाही. त्या दुपारी रडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पुरे. फोटो जरा वाकडा आलाय, क्षितिज बघ." क्षितिज खरोखरच कललेलं होतं.

मला वाटलं, झालं, सुटली. पण माणसं अशी एका फोटोने सुटत नाहीत. मुलीच्या गाडीच्या परीक्षेची सकाळ आली. आई काकूंकडे गेली नाही, एवढीच प्रगती. मी वाटीत दही-साखर घेऊन दाराशी आले. मुलगी बूट घालत होती. आई स्वयंपाकघरात होती आणि कुकरची शिट्टी व्हायची होती.

मी वाटी तशीच धरून उभी राहिले. मुलगी म्हणाली, "आई, चल ना, उशीर होतोय." मी काही बोलले नाही. बोलले असते तर बाबांसारखंच काहीतरी सोयीचं बोलले असते.

कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला. आई बाहेर आली, माझ्या हातातली वाटी घेतली, आणि चमचा उचलला. तो तिने इतक्या घाईने पालथा केला की निम्मं दही मुलीच्या बुटावर पडलं. उरलेलं हातावर.

"सावकाश चालव," ती म्हणाली. शहात्तर वर्षांच्या त्या बाईने पहिल्यांदाच कुणाला तरी दारातून पाठवलं, आणि मुलगी जिन्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उंबऱ्यावर उभी राहिली.

ती परत येईपर्यंत मी मनातल्या मनात कुठल्या कुठल्या देवांना विनवलं ते सांगत नाही, माझ्यासारखीला शोभणार नाही. आई शब्दकोडं घेऊन बसली होती, पण एकही चौकोन भरला नव्हता.

दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. मुलीचा चेहराच सांगत होता.

"नापास," ती म्हणाली. "रिव्हर्स घेताना खांबाला लागली गाडी."

मी आईकडे वळायला धजत नव्हते. मागून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. ती आता उठून आत जाणार, या वेळी कायमची, असं मला वाटलं.

ती आली ती दारापर्यंत. नातीकडे तिने चष्म्यावरून पाहिलं, पूर्वी पेपर तपासून परत देताना पाहायची तसं.

"मागे न बघता गाडी मागे घेतलीस ना?"

"हो."

"मग नापासच होणार. त्याला कोण काय करणार?" असं म्हणून ती फ्रिजकडे गेली. "परत कधी आहे परीक्षा? दही लावून ठेवते."